पुरुमेंत

पिवळ्या बुचांच्या अठ्ठावीस नळ्या
केपटाउनहून आल्या, गोठवलेल्या,
एप्रिलातल्या एका दुपारी, जेव्हा वास्कोत
स्कूटरची सीट हाताला भाजते.
चौदा माणसं. मे आणि ऑगस्ट.
नळीवर नाव नसतं, नंबर असतो.
नऊ नंबर कोण ते मला माहीत होतं;
निघण्याआधी त्याच्या दंडाला पट्टा मीच बांधला होता
आणि नवऱ्याची शीर मला पहिल्या खेपेला सापडली नव्हती.

रोहिदास तिकडे जनरेटर सांभाळायचा.
फोनवर त्याचा आवाज जरा उशिराच पोचायचा.
मेच्या शेवटी म्हणाला, सूर्य गेला.
गेला म्हणजे?
गेला म्हणजे, आज आला नाही.

मग त्या दोन महिन्यांत त्याने दाढी वाढवली,
एकाच डाळीला रोज नवं नाव ठेवलं,
रविवारची गोळी कधी घेतली, कधी
रविवार कुठला तेच कळलं नाही.
जुलै सरताना चौदाही जण दाराबाहेर उभे राहिले
डोळ्यांपुरती फट सोडून गुंडाळलेले.
बर्फाच्या कडेला नारिंगी रेघ आली, थोडी थांबली, बुडाली.
स्वयंपाकी रडला. पाणी पापणीवरच गोठलं.
एवढ्याशा उन्हाने रक्तात काही होत नाही,
मी म्हणणार होते.
म्हटलं नाही.

शरीर म्हणजे मे महिन्यातली गोंयकार बाई.
पुढचं ओळखून पुरुमेंत भरते:
सोलं, कांद्याच्या माळा, सुके बांगडे, खारातल्या कैऱ्या.
तसंच चरबीच्या बरण्यांत ऊन मुरवून ठेवतं
आणि अंधार लागला की थोडं थोडं काढतं.
ऑक्टोबरात तो सत्तावीस होता. मेमध्ये एकवीस.
ऑगस्टात चौदा.
तळाला चमचा घासल्याचा आवाज
मशीन छापत नाही.

तुलनेला गोव्यातलं कुणीतरी हवं होतं,
बारा महिने उन्हात असणारं.
डॉ. कुंकळ्येकर म्हणाले, तुमचंच घ्या की, वृंदा.
घेतलं. कागद बाहेर आला: नऊ.
मला वाटलं, चुकून त्याचाच नंबर छापला.
पुन्हा लावलं.
नऊ पूर्णांक दोन.

तळघरातली लॅब. आठला आत, आठला बाहेर.
येता-जाता तोंडाला ओढणी, गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे,
काळी पडशील, असं कुणी कधी म्हणालं होतं
ते आता आठवतही नाही, हातमोजे राहिले.
घरी खिडक्या बंद, बंदराचा कोळसा
पांढऱ्या पडद्यांवर येऊन बसतो.
रविवारी झोप.
त्याला फोनवर विचारायचे, अंधारात करमतं कसं,
तेव्हा मी ट्यूबलाइटखालीच तर उभी असायची.

रोहिदासला कागद दाखवला.
हसेल वाटलं होतं. तो उठला,
गच्चीवर चटई टाकून आला.

साडेअकराचं ऊन. हातमोजे काढले.
कोपराखालचे हात कुणा भलतीचेच,
सोललेल्या रताळ्यासारखे.
कुठे ठेवावेत कळेना.
पलीकडच्या गच्चीवर एस्पेरांसा
बांगडे उलटत होती, कावळ्याच्या सात पिढ्या काढत.
आम्हा दोघांना आडवं बघून तिने
कपाळावर हात धरला, निरखलं,
आजार विचारला नाही.
म्हणाली, बाय गो, कूस बदल,
एकाच अंगाने सुकशील.

बदलली.
रोहिदासला झोप लागली होती, तोंड उघडं,
सूर्याकडे पाठ करून.